वळणावरच्या खांबापाशी कोण उतरतो

जबाब देणारीचे नाव : वरच्या रकान्यात लिहिले आहे. त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही, कामावर सगळे ‘मुकादमबाई’ म्हणतात.
वय : सत्तेचाळीस.
धंदा : मोनोरेलच्या चाचणी गाडीत वजने चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीची मुकादम.
राहणार : डेपोमागच्या कामगार वसाहतीत, थोरल्या बहिणीजवळ.

मी आज दुपारी आपल्या पायांनी या ठाण्यात आले. मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि अंगाला जाणवले तेवढेच समक्ष सांगते. माझ्याबरोबर आलेल्या काकू बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षापासून बेपत्ता आहे आणि त्याची तक्रार याच ठाण्यात दिलेली आहे. तिचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार मला नाही असे हवालदारांनी सांगितले. नसेल. तरी मी विचारले होते, हे लिहून घ्यावे.

आधी गाडीचे सांगते. मोनोरेल म्हणजे उंच खांबांवर एकच काँक्रीटची तुळई, आणि गाडी तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेली. बाजूला चालायला पट्टी नाही, कठडा नाही. मध्येच दार उघडले तर पाऊल टाकायला जागा नाही, खाली एकदम रस्ता. त्यामुळे दोन स्टेशनांच्या मधे या गाडीतून कोणी उतरत नाही आणि कोणी चढत नाही. हे वाक्य नीट लिहा असे मी हवालदारांना दोनदा सांगितले आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

ही लाईन अजून लोकांसाठी सुरू झालेली नाही. सुरू होण्याआधी भरलेल्या गाडीची चाचणी घ्यावी लागते. माणसे भरून चाचणी घेत नाहीत. काही झाले तर कोण निस्तरणार? म्हणून माणसाच्या जागी वाळूचे पोते ठेवतात. एका माणसाचे वजन पासष्ट किलो धरले आहे, तेवढ्या वाळूचे एक पोते, ते एका सीटवर. दोघांनी उचलायचे, सीटवर टेकवायचे, पट्ट्याने बांधायचे. हे काम माझ्या टोळीचे. सकाळी गाडी पोती घेऊन डेपोतून पलीकडच्या टोकाला जाते, दिवसभर तिथे ब्रेकच्या आणि वेगाच्या चाचण्या होतात, आणि संध्याकाळी गाडी परत येते.

नव्याकोऱ्या सीटा वाळूने मळू नयेत म्हणून ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये पडलेली जुनी केशरी जाकिटे पोत्यांना घालावीत, ही कल्पना माझी. पोत्याचे तोंड बांधले की वर गाठ येते. जाकीट घातल्यावर ती गाठ लांबून डोक्यासारखी दिसते. गाडी निघाली की बघणाऱ्याला वाटायचे, गाडी भरून माणसे चालली आहेत, सगळी केशरी आणि सगळी गप्प. आमच्या टोळीतला लंबू म्हणाला, “बाई, इतके गुणी पॅसेंजर पुन्हा जन्मात मिळायचे नाहीत. ना थुंकतात, ना भांडतात.”

टोळीने पोत्यांना नावे ठेवली होती. पोट सुटलेले एक पोते होते, ते ‘सासरेबुवा’. दारांजवळ समोरासमोर दोन पोती ठेवलेली होती, त्या ‘जावा’, कारण एक डावीकडे कलली की दुसरी उजवीकडे कलायची. तिसऱ्या डब्यात खिडकीशी एक पोते कसेही बांधले तरी काचेकडे झुकायचे. ते ‘जावईबापू’, रुसून बसलेले. दिवसभर ओझी उचलायची तर तोंडाला काहीतरी चाळा लागतो. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता.

विचारल्यावरून सांगते की, हे जावईबापूंचे पोते बाकीच्यांसारखे डेपोत भरलेले नव्हते. पोती भरण्याच्या शेवटच्या दिवशी मोजताना एक पोते कमी पडले आणि डेपोतली वाळू संपली होती. मोठ्या वळणावरच्या खांबाच्या पायथ्याशी एक जुना खड्डा वाळूने भरून ठेवलेला आहे. ती वाळू कोरडी आणि हाताशी होती. मी आणि लंबू टेम्पो घेऊन गेलो, वरवरची वाळू काढली, पोते भरले आणि थांबलो. पोते भरले म्हणून थांबलो, दुसरे कारण नाही.

गाडीच्या पुढच्या भागात चालकासमोर एक पडदा असतो. त्यावर प्रत्येक डब्याचे वजन दिसते, कारण वजन पाहून ब्रेक किती लावायचा ते गाडी ठरवते. पहिल्याच दिवशी चालकाने संध्याकाळी परतल्यावर सांगितले की वळणावरच्या खांबापाशी तिसऱ्या डब्याचे वजन घटले. किती, तर एका माणसाएवढे. जाताना घटले, आणि संध्याकाळी येताना त्याच खांबापाशी तेवढेच परत आले.

चाचणीचे साहेब तरुण आहेत, पण उडवाउडवी करणारे नाहीत. ते म्हणाले, वळणावर गाडी कलते, एका बाजूच्या स्प्रिंगवर भार जातो, तसे होत असेल. मग ते स्वतःच म्हणाले की तसे असते तर वळण संपल्यावर वजन पूर्ववत झाले असते, दिवसभर कमी राहिले नसते. त्यांनी वजन मोजणारी यंत्रे बदलली. घट तशीच. मग त्यांनी मला डब्यातले एकेक पोते दुसऱ्या डब्यात हलवायला लावले. बाकी पोती हलवून काही झाले नाही. जावईबापूंना दुसऱ्या डब्यात नेले, तेव्हा पुढच्या सकाळी दुसऱ्या डब्याचे वजन घटले.

पोते उतरवून जमिनीवरच्या काट्यावर ठेवले. पासष्ट. दिवसा पलीकडच्या टोकाला गाडी उभी असताना साहेबांनी तेच पोते तिथल्या काट्यावर ठेवले. तिथेही पासष्ट. परत सीटवर ठेवले, तर पडद्यावर डब्याचे वजन तेवढेच कमी, जणू सीट रिकामी. साहेब बराच वेळ खाली बसून होते. त्यांनी कितीतरी देशांतल्या मोनोरेल तपासल्या आहेत. तुळईला खालून लटकणारी गाडी पाहिली आहे, इमारतीच्या पोटातून जाणारी पाहिली आहे, घरांजवळ आली की काचा आपोआप धुरकट करणारी पाहिली आहे. “असं मात्र कुठे ऐकलंसुद्धा नाही, बाई,” असे ते म्हणाले.

मला भुताखेतांचे वेड नाही. उभे आयुष्य वजने उचलण्यात गेले. वजन असते किंवा नसते, मधले काही नसते, एवढेच मला कळते. म्हणून मी पोते परत तिसऱ्या डब्यात त्याच्या खिडकीशी नेऊन बसवले आणि टोळीला सांगितले की या विषयावर चहाच्या वेळीसुद्धा बोलायचे नाही.

त्याच आठवड्यात काकू डेपोच्या फाटकावर आल्या. तोपर्यंत माझी त्यांची ओळख नव्हती. पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता आणि त्या जात नव्हत्या. मी विचारायला गेले. त्यांनी माझ्या अंगावरचे केशरी जाकीट बघितले आणि म्हणाल्या, “तुमच्या गाडीत माझा मुलगा बसतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. पण घरी येत नाही. तो कोणत्या स्टेशनवर उतरतो, तेवढं सांगा. मी तिथे जाऊन उभी राहीन.”

मी सांगितले की काकू, गाडीत माणसे नाहीत, वाळूची पोती आहेत. त्या म्हणाल्या, “असतील. माझा मुलगा पण आहे. तिसरा डबा, खिडकी. आमच्या घरासमोरून गाडी जाते, माझ्या डोळ्यांना अजून चष्मा लागला नाही.” मी म्हणाले, जाकिटे सगळी सारखीच आहेत. त्या म्हणाल्या, “सारखी कशी? त्याच्या जाकिटाला आतून, खिशाच्या मागे, मी माझ्या पडद्याचं ठिगळ लावलंय. हिरव्यावर पांढरी फुलं. दुसरं कापड नव्हतं तेव्हा घरात. हसला होता मला.”

मी त्यांना पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसवले आणि गाडीकडे गेले. गाडी धुवायला लावली होती, पोती आतच होती. मी जावईबापूंच्या जाकिटाची बटणे सोडली आणि खिशाची बाजू उलटी केली. हिरव्यावर पांढरी फुले होती. टाके बारीक होते, एका रेषेत. लंबू माझ्या मागे येऊन उभा होता. त्या दिवसापासून टोळीत कोणी त्या पोत्याला जावईबापू म्हटलेले नाही.

काकूंचा मुलगा ठेकेदाराकडे कामाला होता. दोन तुळयांच्या जोडावर लोखंडी पट्ट्या असतात, त्यांचे बोल्ट आवळण्याचे त्याचे काम. गेल्या वर्षी एके दिवशी तो घरी आला नाही. ठेकेदाराच्या माणसांनी सांगितले की तो न सांगता काम सोडून गेला, अशी पोरे येतात-जातात. काकू म्हणतात की तो पायांत चपला सरकवतानासुद्धा ‘येतो’ म्हणून सांगायचा. न सांगता जाणारा तो नव्हे.

स्टोअरवाल्याला मी विचारले की हे जाकीट तुझ्याकडे कुठून आले. तो आधी म्हणाला आठवत नाही. मी तिथेच बसून राहिले, तेव्हा आठवले. वळणावरच्या खांबाजवळच्या खड्ड्याभोवती तेव्हा पत्र्याचा अडोसा होता, त्या पत्र्यावर हे टांगलेले मिळाले. खड्डा भरला, पत्रे काढले, तेव्हा हेही स्टोअरला आले. खड्डा कधी भरला? वरच्या लोकांची पाहणी होती म्हणून घाईने, मागून डंपर लावून भरला. कोणत्या दिवशी ते त्याने सांगितले आणि मी काकूंना विचारून पडताळले. मुलगा घरी आला नाही तोच दिवस.

मी कोणावर बोट ठेवत नाही. वर काम करताना हातातला पाना खाली खड्ड्यात पडतो. तो आणायला माणूस जाकीट काढून टांगतो आणि उतरतो. डंपर पाठमोरा येतो, त्याच्या चालकाला मागचे दिसत नाही. असे झाले असेल असे मी म्हणत नाही, असे होऊ शकते इतकेच म्हणते. पण माणूस जाकीट टांगून ठेवतो ते परत घालायला. नोकरी सोडून पळणारा आईच्या हातचे ठिगळ पत्र्यावर विसरत नाही.

हवालदारांनी विचारले की मग त्याच दिवशी ठाण्यात का आला नाहीत. त्याचे उत्तर असे की, काकूंनी मला एकच प्रश्न विचारला होता, तो कुठे उतरतो, आणि त्याचे उत्तर पडद्यावरच्या आकड्यांवरून द्यायला माझे मन होईना. स्वतः बघितल्याशिवाय मी कोणाच्या आईला काही सांगणार नव्हते. काल सकाळी मी साहेबांना म्हणाले, मला पोत्याशेजारी बसू द्या. चाचणीच्या गाडीत टोळीच्या माणसाला बसायची परवानगी नसते. साहेबांनी माझ्यासाठी दार उघडे धरले.

तिसऱ्या डब्यातली सीट जोडसीट आहे, दोघांत मिळून एकच गादी. खिडकीशी पोते, त्याला लागून मी. समोर, मागे, सगळीकडे केशरी जाकिटे पट्ट्यांनी बांधलेली. रबराच्या चाकांची गाडी, आवाज फारसा नाही. मी पोत्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. वाळू असते तशी वाळू, गार आणि कडक.

वळण आले. गाडी किंचित कलली. खांब खिडकीखालून सरकला आणि माझी बाजू वर आली. जोडसीटवर आपल्या शेजारचा माणूस उठला की आपली गादी हलकी होऊन वर येते, ते सगळ्यांना माहीत असते. तशी वर आली. पोते जागेवर होते, माझा हात त्याच्यावरच होता. आणि मी पाय आत घेतले. का घेतले ते मला सांगता येत नाही. कोणी उठून बाहेर जाऊ लागले की आपण वाट देतो, तसे ते आपोआप झाले. पाय आत घेतल्यावर मला कळले की मी काय केले. दार बंद होते. गाडी चालू होती. माझ्या गुडघ्यांना कापड घासून गेल्याचे जाणवले की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, म्हणून सांगत नाही.

मला भीती वाटली. हे लिहा. मी पलीकडच्या टोकाला उतरले आणि दिवसभर गाडीच्या सावलीत बसून राहिले. साहेबांनी पाणी आणून दिले. चालकासमोरच्या पडद्यावरचा आकडा त्यांनीही पाहिला होता.

संध्याकाळी परतीच्या फेरीला मी त्याच जागी बसले. उजेड चांगला होता. वळणावर येण्याआधीच मी पाय आत घेऊन ठेवले. या वेळी मुद्दाम घेतले. खांब आला, आणि गादी खाली बसली, दमून आलेला माणूस अंग टाकतो तशी. पोते काचेकडे झुकलेले होते. मी त्याच्याकडे बघितले नाही, समोर बघत राहिले. अनोळखी माणूस शेजारी येऊन बसला तर बाईमाणूस करते तेच केले. पण तोंडातून शब्द गेला. मी म्हणाले, “आलास?”

थोड्याच वेळात काकूंची इमारत आली. तिथे गाडी हळू होते. तिसऱ्या मजल्याची खिडकी आणि गाडीची खिडकी अगदी समोरासमोर येतात, मधे हात पोहोचणार नाही पण डोळा पोहोचतो एवढेच अंतर. काकू खिडकीत उभ्या होत्या. उजेड असूनही त्यांनी दिवा लावला होता. पडदा हिरवा, पांढऱ्या फुलांचा, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात चौकोनी तुकडा कापून घेतलेला. काकूंनी हात वर केला आणि हसल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे ओठ हलले. काच बंद असली तरी तो शब्द मला कळला, कारण तोच शब्द मी नुकताच बोलले होते.

गाडीतून उतरल्यावर मी तशीच काकूंच्या घरी गेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. दाराशी पुरुषाच्या चपला धुऊन ठेवलेल्या. टेबलावर दोन ताटे, त्यातले एक पालथे. काकूंनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “सांग. कुठं उतरतो?”

मी सांगितले. स्टेशनावर नाही काकू, वळणावरच्या खांबापाशी.

मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. “तिथंच तर कामाला होता,” त्या म्हणाल्या. “म्हणजे कामावर जातो. मला आपलं वाटायचं, भलतीकडेच कुठे भटकतोय की काय. सकाळी जायचं, दिवे लागायच्या आत परत यायचं, ही त्याची रीतच होती.”

मग मी खड्ड्याचे सांगितले. डंपरचे सांगितले आणि पत्र्यावरच्या जाकिटाचे सांगितले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पालथे ताट उचलून फडक्याने पुसले आणि परत पालथे ठेवले. मला वाटते हे त्यांना आधीच ठाऊक होते, फक्त जागा ठाऊक नव्हती.

“कुणाला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

मी विचारले, का.

“अगं, त्याला तिथून काढलंत, की मग संध्याकाळी गाडीतून येईल कोण?”

मी मुकादम आहे. मला उत्तर सुचले नाही की मी आवाज चढवते, हे टोळीतला कोणीही सांगेल. काल मी आवाज चढवला नाही. मग मला सांगावे लागले की काकू, भरलेल्या गाडीच्या चाचण्या संपत आल्या आहेत. पोती रिकामी होतील. त्या सीटवर तिकीट काढलेली माणसे बसतील. आणि खांबाच्या पायथ्याला नवा रस्ता होतोय, परवा त्या खड्ड्यावर काँक्रीट पडणार आहे.

“काँक्रीट?” त्या म्हणाल्या. “वर? पक्कं?”

हो म्हणाले.

“मग त्याला वर येता येईल का गं?”

मी नाही म्हणाले. खरे काय ते मला माहीत नाही. ज्याला दार लागत नाही त्याला काँक्रीट काय अडवणार, असेही कोणी म्हणेल. पण मला त्या क्षणी नाही हेच उत्तर बरोबर वाटले आणि आजही वाटते.

काकू उठून खिडकीशी गेल्या. बाहेर नुसती तुळई दिसत होती. तिकडेच बघत म्हणाल्या, “लहान होता तेव्हा न्हाणीघराची कडीसुद्धा लावू द्यायचा नाही मला. कोंडलेलं सोसत नाही त्याला.” मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि पडद्याची दोरी सोडायला लागल्या. मी म्हणाले, अहो पडाल, मी काढते. त्या म्हणाल्या, “पोलिसांना दाखवायला लागेल ना? ठिगळ याच्याशी जुळवून बघू देत. माझ्या बोलण्यावर मागच्या खेपेला कुणी विश्वास ठेवला नव्हता.”

तो पडदा मी आज सोबत आणला असून हवालदारांच्या टेबलावर ठेवला आहे. धुतलेला आहे, एका कोपऱ्यात चौकोनी तुकडा नाही. जाकीट आणलेले नाही. ते आज सकाळी पोत्याच्या अंगावर गाडीतून गेले आहे. चालकाने मघाशी निरोप दिला की वळणावर नेहमीप्रमाणे घटले.

वजनाचे जे सांगितले ते वरिष्ठांना पटणार नाही असे हवालदार म्हणाले. नाही पटले तर ते खोडावे, माझी हरकत नाही. पडदा, जाकीट, खड्डा भरल्याचा दिवस आणि मुलगा घरी न आल्याचा दिवस, एवढे ठेवले तरी फावडे घालायला पुरेसे आहे. चाचणीचे साहेबही जबाब द्यायला तयार आहेत. माझी टोळी खणायला येईल. पोती भरताना वाळू कशी हलक्या हाताने काढायची ते मी त्यांना शिकवलेले आहे, आणि हे काम आम्ही दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. उद्या काँक्रीट पडण्याआधी तो खड्डा उपसावा, अशी माझी मागणी आहे.

मात्र एक विनंती आहे. ती काकूंची आहे आणि माझीही आहे. खणायला सुरुवात आजची संध्याकाळची फेरी गेल्यावर करावी, आधी नाही. गाडी डेपोत आली की जाकीट मी स्वतः उतरवून इथे आणून देईन.

वर लिहिलेले सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना ते दोन जागी थांबले. मी सांगितले तसेच उतरले आहे, त्यात कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करते. दुसरी सही काकूंची व्हायची आहे. गाडी यायची वेळ झाली म्हणून त्या आत्ताच बाकावरून उठून दिवा लावायला घरी गेल्या. गाडी खिडकीसमोरून गेली की परत येऊन सही करते, असे सांगून गेल्या आहेत.